‘२८०० स्टॉल’ म्हणून विकलेला रंगवलेला डबा मला ६,१४३ डॉलरला पडला

आधी हिशेब. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा गोल डबा) १,१५० डॉलर, कोअर डिपॉझिट (जुना भाग, म्हणजे कोअर, परत केला की मिळणारी अनामत) २५०, शिपिंग १४५. बसवायची मजुरी ९५०, तेल १६८. नंतर जळालेला गिअरबॉक्स खोलून पुन्हा बांधायचे ३,४८०. बेरीज ६,१४३. रुपयांत करून बघायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

ट्रक कशाला हवा, इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर कशाला हवा, हे प्रश्न घरच्यांनी विचारून झालेत, तुम्ही नका विचारू. ट्रक म्हणजे इथला, अमेरिकेतला पिकअप: २०१४ ची सिल्व्हरॅडो १५००, ५.३ लिटर, कारखान्यातून ३५५ हॉर्सपॉवर आणि ३८३ पाउंड-फूट टॉर्क (फिरवायचा जोर), मागे सहा गिअरचा ६एल८० ऑटोमॅटिक. रोज टेक्ससमधल्या केटीहून ह्यूस्टनला ऑफिसला हीच जाते, आणि मंडळाच्या गणपतीत मखर, टेबलं, स्पीकर कुणाच्या गाडीतून येतात हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. सुपरचार्जर मी हौसेने बसवला. माझे पैसे, माझी हौस. पण त्याने टॉर्क वाढला आणि मूळ कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच (वेग आल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) घसरायला लागला. ताशी ४५-५० मैलांवर गाडी थरथरायची. कन्व्हर्टर बदलणं भागच होतं, ही चैन नव्हती.

आता थोडं तांत्रिक. स्टॉल म्हणजे ब्रेक दाबून पूर्ण गॅस दिला की इंजिन ज्या आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) अडतं तो आकडा. रूट्स जातीचा सुपरचार्जर खालच्या आरपीएमपासूनच टॉर्क देतो, त्यामुळे रोज चालवायच्या जड गाडीला अफाट स्टॉल लागत नाही. सेंट्रिफ्यूगल असेल तर तो आरपीएम चढल्यावर जागा होतो, तिथे जास्त स्टॉल लागतो. शिवाय स्टॉल हा डब्यावर छापायचा पक्का आकडा नाहीच. टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात तो सरकतो. ३८३ पाउंड-फूटला २,२०० वर अडणारा कन्व्हर्टर ५०० पाउंड-फूटला आपोआप २,५०० च्या आसपास जातो. म्हणून खरा कारागीर आधी तुम्हालाच भंडावून सोडतो: गाडीचं वजन किती, मागच्या अॅक्सलचा रेशो किती, टायर केवढे, कॅमशाफ्ट मूळचाच आहे का, बूस्ट किती, ट्रेलर ओढता का.

मला हा डबा विकणाऱ्या माणसाने यातलं काहीही विचारलं नाही. ‘सुपरचार्जर आहे? मग २८०० घ्या, डोळे मिटून.’ इथेच फोन ठेवायला हवा होता.

पण मी काही अगदीच बावळट नाही. माणूस फर्नेस ब्रेझिंग, अँटी-बलून प्लेट, तीन चकत्यांचा लॉकअप क्लच असं सगळं पोपटासारखं बोलत होता. फ्लोरिडातल्या शेडमधून व्हिडिओ कॉल केला, मागे लेथ फिरताना दाखवली. लेथ कुणाची होती देव जाणे. आणि मग तो नेहमीचा डाव: कार्डाने दिलेत तर ३ टक्के जादा, बँकेच्या अॅपमधून थेट पाठवलेत तर माफ. १,५४५ चे ३ टक्के म्हणजे ४६ डॉलर ३५ सेंट. तेवढ्यासाठी मी हातातलं एकमेव हत्यार टाकून दिलं. कार्ड असतं तर १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग अॅक्टखाली स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत लेखी वाद घालता आला असता. सुट्या भागांचे पैसे अनोळखी माणसाला अॅपवरून पाठवू नका. कधीच नाही. सवलत दिली तर मुळीच नाही.

पावती पैसे गेल्यावर आली. बायकोने ती वाचली, मी नाही. त्यात खाली बारीक अक्षरांत होतं: वापरलेला भाग, जसा आहे तसा. मी तिला म्हटलं, अगं, जुन्या कोअरवरच नवीन बांधतात, म्हणून तसं लिहितात. यात खोटं काहीच नव्हतं, खरंच तसं बांधतात! पण म्हणूनच हा धंदा चालतो.

मग खोकं आलं. हा क्षण मी रात्री झोपताना अजून बघतो. काळाकुळकुळीत रंग, त्यावर ‘२८००’ चं स्टिकर, आणि रंगाचा वास अजून ओला. कन्व्हर्टरच्या आत काहीही बदलायचं तर बाहेरचं वेल्ड लेथवर कापून तो उघडावा लागतो आणि काम झाल्यावर परत वेल्ड करावा लागतो. दुसरा रस्ताच नाही. माझ्या हातातल्या डब्याच्या कडेचं वेल्ड जुनं होतं, रंगाखाली गंजाचे खड्डे बोटाला लागत होते. बोट फिरवलं मी त्यावरून! आणि मनाशी म्हटलं, कोअर जुना आहे म्हणून असेल. हजार डॉलरची वस्तू आली की रंग खरवडून कोण बघतं? तुम्ही बघा. ब्रेक क्लीनर आणि चिंधी, दोन मिनिटांचं काम. ताजं वेल्ड दिसलं नाही तर गाडीखाली जाऊच देऊ नका. आणि जुना कन्व्हर्टर कोअर म्हणून परत पाठवायची घाई करू नका. दोन्ही शेजारी ठेवले असते तर जुळे भाऊ दिसले असते.

बसवल्यावर आरपीएमचा काटा १,९०० वर अडला. सुपरचार्जरच्या टॉर्कवर २८०० चा कन्व्हर्टर १,९०० वर? त्याला फोन केला. ‘पाचशे मैल चालू द्या, मोकळा होईल.’ कन्व्हर्टरला असं काही मोकळं व्हायचं नसतं. पण पाचशे मैल होईपर्यंत त्याची ३० दिवसांची परतीची मुदत संपली. ते पाचशे मैल कशासाठी होते, ते आता कळतं.

ऑगस्टमधला ह्यूस्टनचा उन्हाळा, आय-१० महामार्गावरचा खोळंबा, गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान २३५ फॅरनहाइट. थरथर परत आली. मग एका संध्याकाळी इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलेना. गिअरबॉक्सचा तळाचा पॅन उघडला तर लाल डेक्सरॉन तेल काळपट झालेलं आणि तळाला चमचमता चुरा. मेकॅनिकने कन्व्हर्टर लेथवर कापून दिला: कारखान्यातलं वेल्ड, कारखान्यातला एकेरी क्लच, अस्तर धातूपर्यंत जळालेलं. तीन चकत्या कुठल्या, तो डबा जन्मात कधी उघडलाच नव्हता.

विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: तुमच्या मेकॅनिकने तो गिअरबॉक्सच्या पंपात नीट बसवला नाही. म्हणून सांगतो, बोल्ट आवळण्याआधी कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनाला लावलेली, कन्व्हर्टर जिला जोडतात ती चकती) यांच्यामधल्या फटीचा मोजपट्टीसकट फोटो घ्या. साधारण ३ ते ५ मिलिमीटर असते. माझ्याकडे फोटो नव्हता. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं. कोअरचे २५० पण गेले.

आता सरकारदरबार आणि बँक. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत, कुणी चोरले नाहीत, तेव्हा ही फसवणूक आमच्या व्याख्येत बसत नाही. हे मला एका गोड आवाजाच्या बाईने सांगितलं, मग तेच एका मशीनने सांगितलं. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. मी कापलेला कन्व्हर्टर काउंटरवर ठेवला, तर अधिकाऱ्याने तो आधी उचलायला सांगितलं, काउंटरला तेल लागतंय! राज्याच्या ग्राहक तक्रार खात्याकडून पत्र आलं: आम्ही एकेका व्यक्तीची बाजू लढवत नाही, तुमची माहिती नोंदवून घेतली आहे. इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्रीय पोर्टलवर अर्ज भरला, एक लांबलचक क्रमांक मिळाला. क्रमांक छान आहे. ज्या संकेतस्थळावर ती जाहिरात होती त्यांनी कळवलं की जाहिरात नियमांत बसते. टेक्ससच्या जस्टिस कोर्टात २०,००० डॉलरपर्यंतचा दावा स्वतः लावता येतो, हे खरं आहे. पण माणूस फ्लोरिडात, पत्ता भाड्याच्या टपालपेटीचा, समन्स बजावायचं कुणावर? निकाल लागला तरी वसूल कोण करणार? इतकी खाती, इतके फॉर्म, आणि प्रत्येकजण मला पुढच्या दारावर पाठवतो. कर भरायला एक दिवस उशीर झाला तर यांना माझा पत्ता बरोबर सापडतो.

मागच्या आठवड्यात तोच शेड, तीच लेथ नव्या नावाच्या जाहिरातीत दिसली. भाव आता १,२२५ झालाय. कोअर डिपॉझिट अजून २५० च आहे.