डोक्याला लावायची करंटची पट्टी: सात महिन्यांनंतर

डोक्याला वायरी लावून बसलेलं बघितल्यावर सासूबाई काय म्हणाल्या असतील ते ठाणेकरांना सांगायला नको. "बरंय, नौपाड्यातच राहतो आपण. मेंटल हॉस्पिटलला लांब न्यायला नको."

खात्याच्या परीक्षेचा अभ्यास रात्री डोक्यात शिरेना, म्हणून ही टीडीसीएसची, म्हणजे कवटीवरून मेंदूला हलका करंट देणारी पट्टी ऑनलाइन मागवली. हा शॉक नव्हे. 2 मिलीअँपिअर करंट, 20 मिनिटं. एक ओला स्पंज डावीकडे केसांत, दुसरा उजव्या भुवईवर. आधी मुंग्या, मग खाज, मग काहीच नाही.

लक्ष लागलं का? पहिले दोन महिने लागलं. पण त्या वेळात मी फोनही दुसऱ्या खोलीत ठेवायचे! संशोधनात काही जणांना मुद्दाम खोटा करंट देतात: मुंग्या येईपर्यंत चालू, मग गुपचूप बंद. मला तसा दिला असता तरी मी "वा, फरक पडला" म्हणाले असते.

चौथ्या महिन्यात भुवईवर भाजलं. निम्मी चूक माझी. स्पंज भिजवायचं सलाईन (मिठाचं पाणी) संपलं म्हणून नळाचं पाणी घेतलं, वर पंख्याखाली बसले. स्पंज कडेनं सुकला, केसांना खोबरेल होतंच. अशा वेळी तेवढाच करंट टिकवायला यंत्र व्होल्टेज चढवत जातं आणि सगळा करंट उरलेल्या ओल्या टिचभर जागेतून घुसतो. उरलेली निम्मी चूक यंत्राची, त्यानं तिथेच बंद पडायला हवं होतं. रुपयाएवढा डाग महिनाभर मिरवला.

तक्रार केली तर विक्रेता म्हणतो, "मॅडम, हे वेलनेस प्रॉडक्ट आहे, मेडिकल नाही." खोकं उलटसुलट केलं, परवाना क्रमांक कुठेच नाही. फिट येणाऱ्यांनी वापरू नये, हे मात्र पत्रकाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात.

आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. पण उपकरण वैद्यकीय ठरतं ते कशासाठी बनवलंय यावर. म्हणून खोक्यावर 'उपचार' नाही, 'फोकस' छापतात. युरोपनं ही पळवाट डिसेंबर 2022 मध्ये बुजवली: उपचाराचा दावा नसला तरी कवटीतून मेंदूत करंट सोडणारं यंत्र थेट सर्वांत जोखमीच्या वर्गात. करंट तोच, कपाळही तसंच.

दोन स्टार. नंतर 1 मिलीअँपिअरवर, सलाईन लावून, केस धुतलेल्या दिवशीच वापरली. आता कपाटात आहे. बारावीतल्या भाच्यानं परवा मागितली, "मावशी, नुसती पडूनच आहे ना?" चार्जर हरवलाय म्हणून सांगितलं.