आधी आईची साक्ष, मग ईईजी : राजारामपुरीतील एका मेंदूविकार दवाखान्याचा अनुभव

माझ्या १९ वर्षांच्या धाकट्या भावाला दोन वर्षे जे होत होते, त्याला आम्ही घरी चक्कर म्हणत होतो, शेजारी फिट समजून चप्पल हुंगायला देत होते, आणि याआधीच्या एका दवाखान्यात ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल आला म्हणून ताकदीच्या गोळ्यांवर आमची बोळवण झाली होती. कोल्हापुरात राजारामपुरीतील या दवाखान्यात डॉक्टरांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी आईला समोर बसवले, कारण झटके प्रत्यक्ष पाहिलेली तीच होती.

पाऊण तास प्रश्न चालले. सुरुवातीला पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, एवढेच भावाला सांगता आले. पुढचे आईने सांगितले : नजर खिळते, तोंड काही चघळल्यासारखे हलते, डावा हात शर्टाची बटणे चाचपत राहतो आणि उजवा मात्र वाकडा होऊन ताठतो. भानावर आल्यावरही काही मिनिटे साधे शब्द सापडत नाहीत. गेल्या खेपेस समोरच्या तांब्याकडे बोट दाखवून तो नुसता ‘ते, ते’ म्हणत राहिला होता. पोटातली ती जाणीव आणि चघळणे टेम्पोरल लोबकडे (मेंदूचा कानामागचा भाग), तर उजव्या हाताचे ताठणे मेंदूच्या डाव्या बाजूकडे बोट दाखवते, कारण शरीराची उजवी बाजू मेंदूची डावी बाजू चालवते, आणि बोलण्याचे केंद्रही बहुतेकांचे डावीकडेच असल्याने अडलेली वाचा त्याला दुजोरा देते, असे डॉक्टरांनी उलगडून सांगितले. झटके नसताना काढलेला ईईजी नॉर्मल आला म्हणून अपस्मार (फिटचा आजार) नाही असे ठरत नाही, हे आम्हाला तेव्हा प्रथमच कळले. नंतरच्या एमआरआयमध्ये डाव्या टेम्पोरल लोबच्या आतल्या भागातच व्रण दिसला. औषध सुरू होऊन चार महिने झाले आहेत आणि या काळात एकच झटका आला.

झटका मोबाइलवर कसा टिपावा हेही त्यांनी शिकवले होते : पांघरूण काढावे, चेहरा व दोन्ही हात दिसू द्यावेत, मात्र आधी कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि ५ मिनिटांहून लांबल्यास तडक रुग्णालय गाठावे.

अकराची वेळ देऊन नंबर दीड वाजता लागतो, हे गारगोटी-चंदगडकडून येणाऱ्यांना जड जाते. त्याहून मोठी उणीव म्हणजे झटक्यांच्या नोंदीचा तक्ता केवळ इंग्रजीत आहे. ज्या आईच्या सांगण्यावर निदान झाले, तिलाच तो वाचता येत नाही. सध्या मी तिला वहीत मराठी रकाने आखून दिले आहेत आणि तसाच तक्ता छापावा, अशी लेखी विनंती दवाखान्यात दिली आहे.