बारावीनंतर अहमदाबाद की पदवीनंतर पुणे?

चित्रपट किंवा अ‍ॅनिमेशन शिकू इच्छिणाऱ्या कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला दोन वाटा खुणावतात. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बी.डिझाइन या पदवी अभ्यासक्रमाला बारावीनंतर अर्ज करता येतो आणि पूर्वपरीक्षेनंतरच्या मुख्य परीक्षेत हातांचे कसब दाखवावे लागते. त्यामुळे रंकाळ्याकाठी बसून भेळवाल्याची कांदा चिरणारी बोटे रोज रेखाटणाऱ्या मुलीला मी हीच वाट सुचवेन. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत (१९३३ साली कोल्हापूर सोडून गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्याच आवारात ती उभी आहे) दिग्दर्शन, संकलन यांसारख्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना पदवी लागते. तरीही ज्याला गोष्ट सांगण्याचीच ओढ आहे, त्याने घाई न करता पदवीची वर्षे वाचनात आणि माणसे न्याहाळण्यात घालवून मगच तेथे अर्ज करावा, असे मला मनापासून वाटते.