पूर्ण जुळणारा परका दाता की निम्मा जुळणारा घरचा?

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा सल्ला मिळाला की नातेवाईक आधी रक्तगटाची चौकशी करतात; परंतु रक्तगट वेगळा असूनही हे प्रत्यारोपण होऊ शकते, निर्णायक ठरतात त्या एचएलए नावाच्या ऊतींच्या ओळखखुणा. या खुणांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून येत असल्याने प्रत्येक सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के असते. असे निरोगी भावंड मिळाल्यास बहुधा पुढे शोधण्याचे कारण उरत नाही. थॅलेसेमिया मायनर असलेले, म्हणजे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे केवळ वाहक असलेले भावंडही दाता होऊ शकते, हे अनेक पालकांना ठाऊक नसते.

खरी घालमेल सुरू होते ती असे भावंड नसल्यावर. चेन्नईच्या ‘दात्री’सारख्या स्वेच्छा दात्यांच्या नोंदणीतून 10 पैकी 10 खुणा जुळणारा परका दाता मिळाला, तर दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करण्याचा धोका कमी राहतो, मात्र शोध, खातरजमा आणि दात्याची अंतिम संमती यांत आठवडे, कधी महिने जातात. ज्या घरांत मामेबहीण-आतेभावाची लग्ने झालेली आहेत, तेथे नोंदणीबरोबरच चुलत-मावस नात्यांतही तपासणी करून पाहावी, कारण तेथे जुळणी सापडण्याची शक्यता एरवीपेक्षा अधिक असते.

आई, वडील किंवा अपत्य मात्र निम्मे जुळतातच आणि लगेच उपलब्ध असतात. पूर्वी अशी जुळणी फार धोक्याची होती. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विकसित झालेल्या पद्धतीत प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या व चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे केमोथेरपीचे औषध देतात. रुग्णाच्या शरीरावर चालून जाण्यासाठी झपाट्याने वाढणाऱ्या दात्याच्या पेशी त्याने मरतात, नवे रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी मात्र तगतात, आणि त्यामुळे हा पर्याय आज गंभीरपणे विचारात घेण्याजोगा झाला आहे.

माझ्या मते निवड आजाराच्या घाईवरून व्हावी. आटोक्यात आलेला रक्ताचा तीव्र कर्करोग उलटण्याची भीती असताना परक्या दात्याची वाट पाहत बसणे महागात पडू शकते. थॅलेसेमियात मात्र सहसा शोधाला वेळ असतो, शिवाय वारंवार रक्त चढवल्याने शरीर परक्या पेशी नाकारण्यास सज्ज झालेले असते, म्हणून तेथे निम्म्या जुळणीची घाई करू नये. ती वाट धरायचीच असेल, तर रुग्णाच्या रक्तात त्याच दात्याविरुद्ध प्रतिपिंडे (त्याच्या पेशी नाकारायला लावणारी प्रथिने) आहेत का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. आईविरुद्ध ती आढळली तरी वडील दाते म्हणून चालू शकतात.