मिठूच्या जागी कोण: बजी, कॉकटेल की लव्हबर्ड?

आजीच्या ओसरीवर मिठू होता, म्हणून आता लेकरांनाही पोपट हवाय, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तो मिठू आता मिळणार नाही आणि मिळाला तरी घेऊ नका. कंठवाला राघू, पहाडी पोपट, तुईया हे आपले रानपक्षी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. विकायला आलेलं पिल्लू कुठल्या तरी ढोलीतून काढलेलं असतं. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवर राघूंचा थवा उतरतो, तो शेतातच बघावा.

परदेशी पक्ष्यांत निवड करताना मी आधी एकच विचारतो: दुपारी घरात कोण असतं?

दोघं नोकरीला, लेकरं शाळेत, दाराला कुलूप असेल तर बजीची, म्हणजे बजरीगर या छोट्या पोपटांची, जोडी घ्या. दुकानात यांनाच ‘लव्हबर्ड’ म्हणतात, ते चूक आहे. तीस-चाळीस ग्रॅमचा जीव, राळा आणि बाजरीवर खूश, आणि एकमेकांची सोबत असल्यानं तुमच्यावाचून अडत नाही. चोचीवरचा भाग निळा तो बहुधा नर, तपकिरी ती मादी. बोलायला बहुधा नरच शिकतो. पक नावाच्या बजीच्या नावावर १,७२८ शब्दांचा गिनीज विक्रम आहे! पण जोडीतला बजी आपसातच बोलतो. त्यानं तुमच्याशी बोलावं वाटत असेल तर एकटा ठेवून रोज तास-दोन तास द्यावे लागतात. आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं.

घरात आजी-आजोबा असतील तर माझं मत कॉकटेलला, म्हणजे कॉकटील या तुरेवाल्या पोपटाला. शब्द थोडेच शिकतो, पण शीळ अशी घालतो की कुकरची शिट्टीसुद्धा उचलतो. डोक्यावरच्या तुऱ्यावरून मन कळतं: ताठ म्हणजे दचकलाय, चपटा म्हणजे चिडलाय. खांद्यावर बसून मान खाजवून घेतो. मात्र पिसांतून पांढरी भुकटी झडते. घरात कुणाला दमा असेल तर आणूच नका. आणि हा पंधरा-वीस वर्षं जगतो. आज दहावीतली मुलगी दोन वर्षांनी पुण्याला शिकायला गेली, की पिंजरा कुणाच्या गळ्यात, हे आधी ठरवा.

खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. देखणा, पण आवाज कर्कश, चावाही जोराचा आणि बोलणं जवळपास नाहीच. आफ्रिकन ग्रे हा राखाडी पोपट सुंदर बोलतो, पण चाळीसेक वर्षांची जबाबदारी आहे, शिवाय केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पहिल्याच पक्ष्याला ग्रे नको.

बजी आणि कॉकटेल ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातले, म्हणून आपला उन्हाळा सोसतील असं लोक समजतात. रानातला पक्षी सावलीत, पाण्यावर उडून जातो. पत्र्याखालच्या पिंजऱ्यातला कुठं जाणार? मे महिन्यात पिंजरा आतल्या भिंतीला ठेवा, दुपारी अंघोळीला पसरट भांड्यात पाणी द्या, कूलरचा झोत थेट अंगावर नको. चोच उघडी आणि पंख अंगापासून दूर धरलेले दिसले, की लगेच थंड जागी हलवा.

घेण्याआधी गावातल्या पशुवैद्यकाला ‘पक्षी बघता का?’ असं विचारून घ्या. बरेच जण नाही म्हणतात. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथंही चौकशी करता येईल.

कॉकटेल घेतलाच तर रात्री पिंजऱ्याजवळ बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवा. एकदम लाइट गेली, की तो अंधारात घाबरून जाळीवर आपटतो आणि पंखाची कोवळी पिसं तुटून रक्त येतं.