पिटेझरीजवळची पायी फेरी: सुतार पक्षी पाहायचा तर इथेच

नागझिऱ्याला येणारा जो तो गेटवरच वाघाचं विचारतो. मी साकोलीकडचा, तरी मला जिप्सीपेक्षा पिटेझरीजवळच्या एका मुक्कामावरून निघणारी ही सकाळची पायी फेरी जास्त आवडली. इथला वाटाड्या एका झाडापाशी थांबतो आणि सगळ्यांना थांबवून ठेवतो.

आम्हाला त्याने येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाखाली उभं केलं. मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीवर सोनपाठी सुताराची जोडी मुंग्या टिपत होती. नराचा माथा पूर्ण लाल. मादीचा फक्त मागचा तुरा लाल, कपाळ काळं आणि त्यावर पांढरे ठिपके. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, ताठ शेपूट खोडाला टेकवलेली. एवढ्यात सातभाई पक्ष्यांनी कल्ला केला, पाठोपाठ कोतवाल पक्षी ओरडला. "हलू नका जी, शिकरा हाय," वाटाड्या म्हणाला. शिकरा म्हणजे पाखरं मारणारा शिकारी पक्षी. मादी सरकून खोडाच्या पलीकडे गेली, नर जिथल्या तिथे सालीला चिकटला. ठकठक बंद. शिकरा निघून गेला तरी नर हलेना. आधी सातभाई जमिनीवर उतरले, मग त्याची चोच चालू झाली. पल्लेदार कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या धोक्याच्या हाका हुबेहूब काढतो, म्हणून एकाच आवाजावर भरवसा ठेवायचा नाही, हेही वाटाड्याने तिथेच सांगितलं.

तक्रार आहे ती जेवणाच्या खोलीतल्या चित्राची. भोकाभोकांत फळं ठोसलेलं खोड, आणि खाली 'सुतार पक्षी अन्न साठवतो'. तो पक्षी कॅलिफोर्नियाकडचा! ओकची फळं तो हजारो भोकांत ठोकून ठेवतो, वाळून सैल झाली की लहान भोकात हलवतो, आणि त्या कोठाराची राखण सगळा गट करतो. आपला सोनपाठी मुंग्या-अळ्यांवर जगतो, त्याचं असं कोठार नसतं. चित्र राहू द्या, पण पक्ष्याचं नाव-गाव लिहा. शाळेची पोरं तेच खरं धरून जातात.

जेवण चांगलं. भाड्याची दुर्बीण मात्र आतून धुरकटलेली, तेव्हा स्वतःची आठ बाय बेचाळीस (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं) आणा. पानगळीनंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये या, खोडं उघडी पडलेली असतात. तेव्हा विणीचा हंगामही सुरू होतो. फोटोसाठी हट्ट धरणाऱ्या एका पाहुण्याला वाटाड्याने ढोलीपाशी क्षणभरही थांबू दिलं नाही. मी पुन्हा जाईन ते त्याच्याचसोबत.