औलीला स्कीइंग: जोशीमठातलं घरगुती लॉज की उतारालगतचं हॉटेल?

उत्तराखंडातल्या औलीला जायचं ठरलं की पहिली काळजी बर्फाची असते आणि दुसरी राहण्याची. मी दोन्हीकडे राहिलो आहे. पहिल्यांदा मित्रांबरोबर वर औलीत, आणि नंतर बायको आणि दोन मुलांना घेऊन खाली जोशीमठात, एका गढवाली कुटुंबाच्या लॉजवर. त्यामुळे कुणी विचारलं तर मी आधी एकच विचारतो: किती दिवस आहात, आणि बरोबर कोण आहे?

औली साधारण २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर आहे. जोशीमठ, म्हणजे कागदोपत्री आताचं ज्योतिर्मठ, त्याच डोंगराच्या अंगावर १,९०० मीटरच्या आसपास. मध्ये पंधराएक किलोमीटरचा वळणावळणांचा घाट. पूर्वी जोशीमठातून थेट औलीला सुमारे ४ किलोमीटरचा रोपवे होता, म्हणून खाली स्वस्तात राहायचं आणि सकाळी तरंगत वर जायचं, हा सरळ हिशोब होता. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचली, शेकडो घरांना तडे गेले आणि रोपवे बंद करावा लागला. तेव्हापासून सगळी मदार रस्त्यावर आली. जुनी प्रवासवर्णनं वाचून बेत आखू नका. रोपवे चालू आहे का, हे निघण्याआधी तिथल्या माणसाला फोनवर विचारा.

खाली राहण्यात पैसा वाचतो आणि वेळ जातो, हे आधी मान्य करून टाकू. आम्ही चौघांनी दोन खोल्यांचं मिळून जे भाडं दिलं, त्यात वर त्या आठवड्यात एक खोलीही मिळत नव्हती. पण रोज जीपचं भाडं वेगळं पडतं, ते धरल्याशिवाय तुलना खरी होत नाही. रात्री बर्फ पडला असेल तर साधी गाडी वर जात नाही, चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर स्थानिक जीपच घ्यावी लागते. आठला निघालो तरी भाड्याचे बूट घालून, स्की पायांत अडकवून उतारावर उभं राहीपर्यंत साडेदहा वाजायचे. वर राहणारी मंडळी तोवर दोन-चार फेऱ्या मारून चहाला बसलेली असायची. दुपारनंतर उन्हाने बर्फ जड, भुसभुशीत होतो आणि नवशिक्याचे पाय त्यात रुततात. म्हणून सकाळचे ते दोन तास खरोखर मोलाचे आहेत. पहाटे खिडकीतून दिसणारी नंदादेवीही वरच राहून पाहायची गोष्ट आहे. ७,८१६ मीटरचं ते शिखर आधी राखाडी असतं, मग टोकाला गुलाबी होतं आणि बघता बघता सगळं उजळतं.

मग मी कुटुंबाला खालीच का राहायला सांगतो?

पहिलं कारण ओले हातमोजे. ज्याने कधी स्कीइंग केलेलं नाही त्याला हे क्षुल्लक वाटेल. पण नवशिका दिवसातून तीस वेळा पडतो, आणि प्रत्येक वेळी हात बर्फात टेकूनच उठतो. संध्याकाळी हातमोजे, सॉक्स, पँटचे गुडघे सगळं चिंब. वरच्या हॉटेलात आम्ही ते बाथरूममध्ये टांगले होते, आणि सकाळी ते लाकडासारखे कडक झाले होते. त्या रात्री नळाचं पाणीही गोठलं होतं, काउंटरवर विचारलं तर दुपारपर्यंत थांबा म्हणाले. जोशीमठात पहिल्याच संध्याकाळी घरच्या दीदींनी काही न विचारता मुलांचे सॉक्स काढून घेतले. स्वयंपाकघरात चुलीच्या वर तारेची दोरी होती, तिच्यावर त्यांच्या स्वतःच्या मुलांच्या स्वेटरशेजारी आमचे आठ हातमोजे ओळीने लावले. सकाळी ते कोरडे होते, उबदार होते, आणि त्यांना धुराचा वास येत होता. धाकटीने तो वास घरी येईपर्यंत धुऊ दिला नाही.

दुसरं कारण जेवण. हॉटेलात पनीर आणि नूडल्स मिळतात, त्यावर आठवडा काढता येतो. पण घरगुती लॉजवर जे घरात शिजतं तेच पानात येतं, आणि मराठी माणसाला ते परकं वाटतच नाही. मंडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरी. गहत म्हणजे कुळीथ. भिजवलेला गहत वाटून केलेलं फाणू समोर आलं तेव्हा माझी कोकणातली बायको पहिल्या घासाला गप्प झाली. मग सरळ स्वयंपाकघरात गेली आणि दीदींना कुळथाचं पिठलं कसं करतात ते सांगत बसली. दोघींची हिंदी यथातथाच, पण तासभर बोलत होत्या. त्या थंडीत कुळथाची ऊब अंगाला कळते.

लहान मुलं किंवा वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर उंचीचाही विचार करा. हजारेक मीटर खाली रात्र काढल्याने झोप बरी लागते. ज्याला दिवसभर बर्फात थांबायचं नाही, त्याला जोशीमठात नृसिंह मंदिर आहे, बाजार आहे, औषधाचं दुकान आहे. वर हॉटेलबाहेर पाऊल टाकलं की बर्फच.

बर्फाचा भरवसाही हल्ली उरलेला नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत औलीतल्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द कराव्या लागल्या. वरचं महागडं बुकिंग आगाऊ पैसे भरून केलं आणि उतार कोरडा निघाला, तर फार जिवाला लागतं.

याउलट तुम्ही दोघं-तिघं धडधाकट आहात, तीनच दिवस हातात आहेत आणि स्की शिकायचंच आहे, तर पोटाला चिमटा काढून वर राहा. घाटात सकाळ घालवणं तुम्हाला परवडणार नाही. आणि गढवाल मंडल विकास निगम या सरकारी पर्यटन संस्थेचा ७ किंवा १४ दिवसांचा कोर्स घेणार असाल तर हा प्रश्नच येत नाही, मुक्काम वरच असतो.

जोशीमठात खोली घेताना एक गोष्ट भीडभाड न ठेवता विचारा: घर कोणत्या वॉर्डात आहे, आणि तडे गेलेल्या भागात येतं का? लोक या प्रश्नाने दुखावत नाहीत. आमच्या यजमानांनी स्वतःहून जिना, मागची भिंत, पाया फिरून दाखवला. ज्यांची घरं धड आहेत त्यांनाही गिऱ्हाईक तुटल्याचा फटका बसला आहे. चार रात्रींचं भाडं त्या घरात थेट जातं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

फोनवर आणखी तीन गोष्टी पक्क्या करा. गरम पाणी गीझरचं की बादलीने, रजया माणशी किती, आणि सकाळची जीप ते ठरवून देतील का. जेवण तिथेच घेणार असाल तर आदल्या रात्री सांगून ठेवा, गहत भिजायला वेळ लागतो.